नांगर जोडायचा तिकोन

२ ऑक्टोबर २०२५, गुरुवार. दसरा.

बियाणांच्या दुकानदारानं दिलेली ही डायरी. आजवर मी हिच्यात पाऊस किती झाला, कुठली मेंढी व्याली, कुणाच्या घरी लग्न निघालं, एवढंच लिहीत आलो. आज मन भरलंय, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

सकाळी विळे, खुरपी, विहिरीवरची मोटर आणि लेकाचा, मल्हारचा, ट्रॅक्टर, सगळ्यांना हळदीकुंकू झालं. ट्रॅक्टरला झेंडूचा एवढा थोरला हार घातला की त्याचा जीव गुदमरावा. माझ्या बापानं दसऱ्याला काठी आणि घोंगडी पुजली, मी ट्रॅक्टर पुजतो. काळ म्हणजे पुढच्या वावरातला हिरवा पाला दिसलेलं मेंढरू, हाका मारून मागं फिरत नाही.

संध्याकाळी सूनबाईनं, अंकितानं, खळ्यात ट्रॅक्टर फिरवला. मल्हार तिला शिकवतोय. ही पोर कोरेगाव भीमाची, स्कुटीवर वाढलेली. तिला रस्त्याची भीती नाही, गियर तेवढे नवे. मल्हार मडगार्डवर बसून ओरडत होता, "क्लच दमानं सोड! वासराच्या तोंडातनं सड काढतीस का काय!"

ती म्हणाली, "तुम्ही आरडायचं थांबलात तर मला इंजिन ऐकू येईल!"

बानू, म्हणजे आमची मंडळी, ओट्यावर पदर तोंडाला लावून हसत होती. मला म्हणाली, "अवं, मला घोड्यावर बिऱ्हाड भरायला शिकवलं तवा तुमीबी असंच वरडत हुता."

मी म्हटलं, "घोडं शहाणं होतं म्हणून निभावलं."

पोर पुढं बरं चालवते. मागं घेताना जरा बावरते, इतकंच. येईल हळूहळू.

६ ऑक्टोबर, सोमवार

अक्षर वाकडं येईल.

नांगर जोडताना मल्हारचा उजवा हात सापडला. दोन बोटं चिरडली. दौंडच्या दवाखान्यात नेलंय, बानू त्याच्यापाशी आहे. अंकितालाही जायचं होतं, पण जीपमध्ये चढताना ती अशी कापत होती की बानूनंच तिला उतरवून माझ्यापाशी ठेवलं. चुलीसमोर बसली आहे. चूल पेटवलेली नाही.

खंडोबा, लेकराला सांभाळ.

९ ऑक्टोबर, गुरुवार

पहिली दोन बोटं गेली. अंगठा आणि बाकीची दोन शाबूत. डॉक्टर म्हणतात, नशीब थोर. नशीब थोर असतं तर बोटं असती. पण डॉक्टरला कशाला बोला.

काय झालं ते नीट लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यातनं उतरेल.

ट्रॅक्टरच्या मागं खाली दोन दांडे असतात, त्यांना पोरं आर्म म्हणतात. त्यांच्या टोकाला भोक पाडलेला लोखंडी गोळा. नांगराला दोन्ही अंगांनी खुंट्या. ते गोळे त्या खुंट्यांवर चढवायचे आणि मग वर मधोमध तिसरा दांडा, टॉप लिंक, पिन घालून अडकवायचा. सांगायला सोपं. पण नांगर जडच्या जड, तो हातानं हलत नाही. हलायचं ट्रॅक्टरनं. एवढंसं मागं, एवढंसं पुढं. आणि तेव्हा माणूस ट्रॅक्टर आणि नांगर यांच्या मधे वाकलेला, गोळा हातात धरून. वरवंडपासून पार शिरूरपर्यंत सगळे असंच जोडतात. एकजण मधे, दुसरा सीटवर. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

मी कालव्याच्या कडेला मेंढरांमागं होतो. आधी मल्हारची आरोळी आली, लगोलग अंकिताची. पळत आलो तर ट्रॅक्टर बंद. मल्हार नांगराला टेकून बसलेला, हात टॉवेलात गुंडाळलेला. अंकिता त्याच्यापाशी मातीत. तिची एक चप्पल वर क्लचच्या दांडीखाली अडकली होती. इंजिन बंद करायला धावत चढली असणार बिचारी. मी ती काढून दाराशी आणून ठेवली.

मल्हार मला म्हणाला, "आबा, मी एकटाच हुतो. ब्रेक धरला न्हाई, ट्रॅक्टर मागं आला."

मी काही विचारलंच नव्हतं. पोराला तशा वेदनेतही सांगावंसं वाटलं. दवाखान्यात डॉक्टरला तेच सांगितलं, भेटायला आलेल्या मेहुण्याला, अंकिताच्या भावाला, तेच. मल्हार लहानपणापासून खोटं बोलत नाही. कोकरू हरवलं तर मार खायला स्वतःच्या पायानं यायचा.

त्या ब्रेकची आता गय करणार नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

मल्हार घरी आला. डाव्या हातानं जेवतो. अंकिता भाकरी कुस्करून देते, कालवण ओतून देते, आणि ताट सरकवून लगेच उठते. पूर्वी दोघांची ताटावर बसून भांडणं चालायची. मिरची जास्त, मीठ कमी, तुझ्या कोरेगावचं पाणीच आळणी. आता घरात पळीचा आवाज ऐकू येतो.

पप्पूला बोलावलं होतं. वरवंडला त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे, ट्रॅक्टरचीही कामं करतो. त्यानं ट्रॅक्टर कालव्याच्या चढावर नेला, ब्रेक ओढला, खाली उतरून मागून चाकाला लाथ घातली.

"आबा, ह्यो ब्रेक तर हत्ती थांबवील. कशाला बदलता?"

"मग त्या दिवशी कसा सुटला?"

पप्पू मल्हारकडं बघायला लागला. मल्हार म्हणाला, "आबा, जाऊ द्या की. लोखंडाचं काय सांगावं." आणि घरात गेला.

तरी मी ब्रेकचे पट्टे नवे टाकायला लावले. यंत्रालाही माणसासारखी एखाद्या दिवशी भूल पडत असेल.

एक गोष्ट आणखी. पप्पूनं ट्रॅक्टर चालू केला तेव्हा घरात कळशी पडली. अंकिताच्या हातून. पोरीचा नवऱ्यावर जीव आहे, त्याच्या हाताच्या काळजीनं तिचेच हात गळालेत.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा.

अंकितानं मल्हारला ओवाळलं. तिची नजर ताटातल्या दिव्यावर, त्याची भिंतीवर. त्यानं उजवा हात पाठीमागं धरला होता. ओवाळणी डाव्या हातानं टाकली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी म्हटलं, वात फार मोठी झाली, धूर होतोय. बानूनं माझ्याकडं असं पाहिलं की मी गप्प बसलो.

मल्हार ट्रॅक्टरवर बसत नाही. सीटपर्यंत जातो, घराकडं बघतो, माघारी येतो. कांद्याचं रोप वीतभर झालंय. रान नांगरायचंय, ढेकळं फोडायला रोटर मारायचाय, वाफे काढायचेत. मी म्हटलं पप्पूला सांगू, तर म्हणाला, "बघू आबा." हाताची भीती बसली आहे त्याच्या मनात. भीती बसली की ती गोचिडीसारखी. ओढून निघत नाही, तिला तेलाचं बोट लावावं लागतं.

आणि दुसरं. अंकिता बानूला म्हणाली, "आत्या, माझ्या माहेराजवळ कंपनीत जागा निघालीय. पॅकिंगची. जाऊ का?" बानू म्हणाली, "रोज कशी येशील-जाशील?" ती म्हणाली, "तिकडंच राहीन थोडे दिवस."

थोडे दिवस म्हणजे किती, ते बानूनंही विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. ही दोघं अशी दोन गावांना पडली तर या घराचं काय? एकटा दांडा असला की औत तिरकं जातं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

आज चांगलं झालं. लिहिताना हात हलका आहे.

दुपारी मी नांगरापाशी बसून ते तिन्ही दांडे निरखत होतो. अंकिता चहा घेऊन आली. म्हटलं, "पोरी, तुझ्या मोबाईलला विचार की, हे असलं जोडणं काढलं तरी कुणी?"

ती शेजारी बसली. इंग्रजीत वाचायची आणि मला मराठीत सांगायची. आयर्लंड म्हणून देश आहे, तिथं फर्ग्युसन नावाचा मेकॅनिक होता. शंभर वर्षांमागची गोष्ट. त्या काळी ट्रॅक्टरला नांगर नुसता मागं बांधून ओढायचे, बैलाला बांधावा तसा. बैल शहाणा असतो, नांगर खडकाला अडला की उभा राहतो. ट्रॅक्टरला कुठली अक्कल? नांगर अडला तरी चाकं रेटा मारीतच राहायची, आणि त्याचं तोंड वर उठून तो मागं उलटायचा. चालवणाऱ्याच्या अंगावर. कितीजण गेले.

या माणसानं नांगर मागं बांधायचाच नाही, ट्रॅक्टरच्या अंगालाच जोडायचा, असं ठरवलं. किती वर्षं मोडलं, किती वर्षं घडवलं, आणि शेवटी या तीन दांड्यांवर येऊन थांबला. खालचे दोन ओढतात. वरचा ओढत नाही, उलटा ढकलतो. नांगर अडला की त्याचा सगळा रेटा त्या वरच्या दांड्यातून पुढं जातो आणि ट्रॅक्टरचं तोंड खाली दाबून धरतो. मी आजवर समजत होतो वरचा दांडा नुसता तोल धरायला आहे. तो तर घरातल्या म्हातारीसारखा निघाला. स्वतः काही ओढत नाही, पण पोरं उधळली की डोक्यावर हात ठेवून खाली बसवते.

मी तसं म्हटलं तर अंकिता हसली. दसऱ्यानंतर पहिल्यांदा हसली.

मग तिचं हसू गेलं. नांगराच्या खुंटीकडं बघत म्हणाली, "मामा, त्यानं सीटवर बसणाऱ्याचा जीव वाचवला. मधे उभं राहणाऱ्याचं काय?"

मी म्हटलं, "बघ की त्या मोबाईलमध्ये. कुणीतरी केला असेल विचार."

बघत बसली. चहा निवून गेला. शेवटी मोबाईल माझ्यापुढं धरला. लोखंडाचा एक तिकोन, ट्रॅक्टरच्या तिन्ही दांड्यांना कायमचा जोडलेला. दुसरा तसाच तिकोन औताला. ट्रॅक्टर मागं घ्यायचा, हा तिकोन त्या तिकोनाच्या पोटात शिरतो, दांडे उचलणारी लिफ्ट वर घेतली की वरची कडी आपोआप पडते. मधे कुणी नाही. खाली उतरायचंही नाही. परदेशात जुनीच गोष्ट आहे म्हणे.

"हे करूया मामा," ती म्हणाली. असं म्हणाली जसं तहानेलं माणूस पाणी मागतं.

१ नोव्हेंबर, शनिवार

ज्वारीच्या ताटाची भेंडं आणि बाभळीचे काटे घेऊन मी तिकोनाचा नमुना केला. लहानपणी मेंढरांमागं आम्ही अशाच गाड्या करायचो. भेंडाचा ट्रॅक्टर, काट्यांच्या पिना, आणि एकात एक शिरणारे दोन तिकोन. अंकिता म्हणाली त्या फर्ग्युसननंही खेळण्यातला ट्रॅक्टर टेबलावर चालवून मोटारींच्या एका बड्या मालकाला आपलं काम पटवलं होतं. म्हणजे मी काही फार येडा नाही.

पप्पूच्या दुकानात नेला. त्यानं आधी गिऱ्हाइकांना बोलावून दाखवला, "बघा, आबांनी नवीन मॉडेल काढलंय, डिझेलवर न्हाई, फुंकरीवर चालतंय!" हसून झाल्यावर मात्र नमुना हातात फिरवून बघत राहिला. मग अंकिताच्या मोबाईलमधलं बघितलं. मग टेप काढला.

"लोखंडी चॅनेलचं करू," म्हणाला. "पण आबा, माप नांगर सपाटीला ठेवून घ्या. न्हाईतर बसंल येडावाकडा."

५ नोव्हेंबर, बुधवार

बसला येडावाकडा.

माप मी घेतलं होतं, खळ्यात. खळ्याला पाणी जायला उतार ठेवलाय, हे मीच विसरलो. तो उतार मीच काढलेला. नांगर उचलला तर एक फाळ जमिनीकडं, दुसरा आभाळाकडं. पप्पू म्हणाला, "आबा, वरच्या फाळानं ढग नांगरा."

सगळं कापून परत. या खेपेला अंकितानं पाण्याची बाटली आडवी ठेवून सपाटी बघितली. पोर हातमोजे घालून पप्पूच्या दुकानात उभी राहते, एकेक जोड ठोकून बघते. पप्पू म्हणतो, "वहिनी, इतकं तर इन्स्पेक्टरपण बघत न्हाई." ती म्हणते, "कडी आपोआप पडलीच पाहिजे. कुणाला हात घालायला लागता कामा नये."

मल्हार या सगळ्यापासून लांब. काल म्हटलं, "बायको तुझ्यासाठी राबतीय, येऊन बघ तरी." तो म्हणाला, "दिसतंय आबा मला." आणि मेंढरं घेऊन गेला. तिरसट झालाय.

१० नोव्हेंबर, सोमवार

जमलं!

सकाळी पप्पूनं तिकोन बसवला. अंकिता मल्हारसमोर जाऊन उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "बसा." तो तिच्याकडं बघत राहिला, आणि मग चढला. मी म्हणत होतो ना, भीतीला तेलाचं बोट लागतं.

ट्रॅक्टर मागं आला. तिकोन तिकोनात शिरला. लिफ्ट उचलली आणि कडी पडली, खट्! पप्पूनं शिट्टी मारली. मी टोपी उडवली, ती शेळीसमोर पडली, तिनं चावली. मल्हारनं दोन-तीनदा सोडून परत जोडून बघितलं. कुणी मधे नाही, कुणी सीटवर दुसरं नाही. एकटा माणूस, बसल्या जागी.

मल्हार उतरला तो अंकिताला शोधत होता. ती घरात गेली होती. मी मागनं गेलो, शाबासकी द्यायला. ती कपाटातून साड्या काढून बॅगेत भरत होती.

मी म्हटलं, "अगं, हे काय?"

"रविवारी भाऊ येतोय मामा. सोमवारपासून कामावर बोलावलंय." मग म्हणाली, "आता त्यांना कुणाची गरज लागणार नाही."

केवढ्या अभिमानानं म्हणाली! पण डोळे भरलेले. माहेरची ओढ आणि सासरची माया, बाईमाणसाला दोन्हीकडनं ताण.

मल्हारनं दिवेलागणीपर्यंत एकट्यानं नांगरट केली. जेवला नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

बानू माझ्यावर चिडली आहे. कशावरून, ते नीट कळलेलं नाही. बोलणं जसंच्या तसं लिहितो.

मी म्हटलं, "बघ, म्हातारपणी का होईना, तुझ्या नवऱ्यानं काहीतरी केलं. एकट्याला औत जोडता येतंय."

"मोठं काम केलंत. एकट्याला जोडता येतंय. आता ऱ्हाऊ द्या त्याला एकट्याला."

"अगं, त्याचा हात—"

"हाताचं सांगू नका मला. आपण मेंढरं घिऊन हिंडत हुतो, तवा रोज सकाळी घोडं कोण भरायचं?"

"आपण दोघं."

"तुमी अलीकडनं, मी पलीकडनं. दोर फेकायचा, दोघांनी संगं ताणायचा. आन् चाकणच्या तळावर माझ्या हातनं दोर सुटला. सगळी भांडी तुमच्या पायावर. महिनाभर लंगडत हुता का न्हाई?"

"हुतो. अजून थंडीत ठणकतो."

"आन् दुसऱ्या दिवशी पलीकडनं दोर कुणी धरला?"

"तूच. दुसरं कोण होतं?"

"मी धरत नव्हते. रडत बसले हुते. तुमी आलात, दोर माझ्या हातात दिलात, आन् म्हणालात, वढ."

असं म्हणालो असेन. मला आठवत नाही. घोडं भरायचं होतं, उन्हं वर येत होती, म्हणणार नाही तर काय? पण त्याचा आणि तिकोनाचा काय संबंध? हे विचारलं तर बानूनं कपाळाला हात लावला आणि उठून मल्हारकडं गेली. गोठ्यात दोघं बराच वेळ बोलत होती. मी गेलो तशी गप्प झाली. माय-लेकांचं काही असेल.

१५ नोव्हेंबर, शनिवार

घोटाळा झाला.

नांगरट झाली, आता ढेकळं फोडायला रोटर. पप्पूनं रोटरलाही तिकोन जोडून आणला. पण रोटरला नुसतं जोडून भागत नाही. त्याची पाती फिरवायला ट्रॅक्टरपासून एक शाफ्ट जातो, नळीत नळी घातलेला. मधे दोन तिकोन आल्यामुळं रोटर वीतभर मागं सरकला, आणि नळी नळीत जेमतेम चार बोटं राहिली.

पप्पू म्हणाला, "आबा, फिरता फिरता ह्यो निसटला तर गोफणीतल्या धोंड्यासारखा येईल. मी न्हाई चालवू देणार. लांब शाफ्ट मागवावा लागंल. आठवडा तरी."

कालव्याला पाणी उद्या येतंय. या पाळीत वाफे भिजले नाहीत तर रोप म्हातारं होईल. पप्पू म्हणाला, "तिकोन काढू. रोटर जुन्या रीतीनं जोडू. उद्या सकाळी मी बसतो सीटवर."

मल्हार म्हणाला, "तू नको."

"मग? आबा बसणारेत?"

मी म्हटलं, "मी बसलो तर ट्रॅक्टर विहिरीतनं काढावा लागेल."

अंकिता पलीकडं दोरीवरचे कपडे काढत होती. तिनं ऐकलं असावं, कारण बऱ्याच वेळानंतरही त्याच एका टॉवेलाची घडी घालत होती.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी अंकिताचा भाऊ मोटारसायकलवर आला. तिची बॅग दारात तयार. पप्पू रोटरपाशी तिकोन उतरवत होता. रानाच्या वरच्या अंगाला पाण्याची खळखळ यायला लागली होती.

मल्हार दारात आला. मेहुण्याला रामराम केला, आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "अंकिता, ट्रॅक्टर मागं घ्यायचाय. चल."

ती जागची हलली नाही. "पप्पूभाऊ आहेत की."

"पप्पू सीटवर असंल तर मी मधे उभा राहणार न्हाई."

"मला येत नाही मागं घ्यायला." हे ती इतक्या बारीक आवाजात म्हणाली की मला ओठांवरून कळलं. "तुम्हाला माहितीय. तुम्हाला माहितीय मला येत नाही."

"येतंय. मी घाई केली हुती. तू न्हाई."

काय घाई, कधी, मला काही उमगलं नाही. पप्पू पाना हातात धरून एकदम पायाशी काहीतरी शोधायला लागला. बानूनं माझ्या सदऱ्याची बाही धरून मला मागं ओढलं.

मल्हार म्हणाला, "हे बघ. इंजिन चालू हाय तवर मी मधे येणारच न्हाई. चाकाच्या बाजूला, तुला दिसंल असा उभा राहतो. तू घे मागं. थांब. इंजिन बंद कर, ब्रेक ओढ. मग तू म्हण, या. तू म्हणशील तवाच मी आत येणार. न्हाई म्हणालीस तर न्हाई."

तिनं पायातली चप्पल काढून बाजूला ठेवली. मग चढली.

इंजिन चालू झालं तेव्हा तिचा चेहरा पांढरा फटक. मल्हार मागच्या चाकाच्या एका अंगाला, मोकळ्यात जाऊन उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हात वर केले. पार डोक्याच्या वर, पोलिसानं धरल्यावानी. इतके दिवस तो उजवा हात खिशात, उपरण्यात, पाठीमागं दडवत होता. आज मेहुण्यादेखत उघडा वर धरला. ती मान मागं वळवून बघत होती. रोटरकडं नाही, त्या हातांकडं.

ट्रॅक्टर सुतासारखा मागं आला. थांबला. इंजिन बंद. ब्रेकची करकर.

मग ती म्हणाली, "या."

तो आत वाकला, एक गोळा खुंटीवर चढवला, बाहेर आला. हात वर. दुसऱ्या बाजूला थोडं कमी पडत होतं. पुन्हा इंजिन, पुन्हा मागं, पुन्हा बंद. "या." दुसरा गोळा चढला. वरच्या दांड्याची पिन घातली. शाफ्ट बसवला. पप्पूला लागला असता त्याच्या चौपट वेळ गेला. तो पप्पू, एरवी टोमण्यावाचून नट आवळत नाही, त्यानंही आज हूं की चूं केलं नाही.

काम झालं. मल्हार बाहेर आला आणि त्यानं परत हात वर केले. आता काही गरज नव्हती. इंजिन बंद होतं, सगळं जुळलं होतं. तरी तो तसाच उभा. ती सीटवरून उतरली, त्याच्यासमोर आली, आणि त्या उजव्या पंज्याकडं बघत राहिली. मला वाटतं, दवाखान्यातून आल्यापासून तिनं तो आज पहिल्यांदा नीट पाहिला.

"दिसला का?" मल्हार म्हणाला.

"दिसला," ती म्हणाली. "आता खाली घ्या. लोक हसतील." आणि स्वतःच रडायला लागली, आणि तोही, आणि पप्पू म्हणाला डोळ्यात वेल्डिंगची ठिणगी गेली. वेल्डिंग चालूच नव्हतं.

रोटर दुपारपर्यंत झाला, मागोमाग वाफे काढले. पाणी वेळेवर वाफ्यांत गेलं. अंकितानं बॅग उचलून घरात नेली आणि भाकरी टाकायला बसली. तिचा भाऊ जेवून एकटाच परत गेला; बानूनं त्याच्या मोटारसायकलला मेथीच्या दोन जुड्या बांधून दिल्या. जेवताना मल्हार म्हणाला, कालवणात मीठ कमी आहे. अंकिता म्हणाली, "तुमच्या वरवंडच्या जिभेला समुद्रपण आळणी लागेल."

आत्ता ओट्यावर बसून लिहितोय. बानू शेजारी लसूण सोलतीय. मी तिला विचारलं, "सगळं समजलं, पण ते हात वर करून उभं राहायचं काय होतं गं?"

ती म्हणाली, "तुमी लिवून ठिवा. म्हातारपणी वाचाल तवा कळंल."

"अगं, अजून किती म्हातारा होऊ?"